दूध वाढले, विरजण हरवले

पहाटे गावातल्या दूध संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग लागते. फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) मोजून पावती हातात पडते आणि दूध टँकरने शहराकडे निघते. त्याच घरातले पोर चहात बिस्कीट बुडवून शाळेची वाट धरते. घरी ठेवलेले पावशेर दूध चहातच संपलेले असते. १९९८ पासून दूध उत्पादनात जगात पहिला असलेल्या देशातले हे रोजचे चित्र आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले. माणशी हिशेब रोज ४७१ ग्रॅमचा. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसाच्या ३०० मिलिलिटरपेक्षा तो बराच जास्त आहे. तरीही हे दूध कोणाच्या पोटात आणि कोणत्या रूपात जाते, हे विचारलेच पाहिजे.

रात्री दुधाला विरजण लावायचे, सकाळी सायीचे दही घुसळायचे, दुपारच्या भाकरीसोबत ताक प्यायचे, हा आपल्या घरांचा क्रम होता. त्यात शहाणपण होते. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचा काही भाग आंबवतात, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही दही-ताक पचते. दुधातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. शाकाहारी माणसाला तर ब-१२ जीवनसत्त्वासाठी दुधाचाच मोठा आधार. आज घरोघरी चीज, आइस्क्रीम, सुगंधी दूध, गोड योगर्ट यांची आवक वाढली आहे. मूळ दूधच, पण सोबत मीठ, साखर आणि स्निग्धांश भरपूर. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असताना हा बदल आरोग्याला परवडणारा नाही.

त्यात फसवणुकीची भर पडते. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत नकली पनीरचा विषय गाजला. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला ‘अ‍ॅनालॉग’ हा पदार्थ विकणे बेकायदा नाही. तो पनीर म्हणून खपवणे बेकायदा आहे. ताटात काय वाढले आहे, हे मेनूकार्डावर ठळक मराठीत लिहिलेच पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी वर्षभर तपासणी करावी. सणासुदीचे छापे पुरेसे नाहीत.

सर्वांत मोठी काळजी मुलांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. दुधात लोह नगण्य असते. त्यामुळे जेवत नाही म्हणून तान्ह्याला दिवसभर दुधाची बाटली देणे चुकीचे, आणि अन्नातले लोह अंगी लागू न देणारा चहा पाजणे त्याहून चुकीचे. डाळ, पालेभाजी, शक्य तिथे अंडे आणि जोडीला कपभर दूध किंवा वाटीभर दही, असा आहार मुलांना हवा.

कर्नाटकाने २०१३ मध्ये ‘क्षीरभाग्य’ योजना आणून शाळेतल्या मुलांच्या हाती दुधाचा पेला दिला. गोकुळ, वारणा यांसारखे सहकारी संघ ज्या राज्यात उभे राहिले, त्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे दर पडले तेव्हा राज्याने लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. उत्पादकाला तो दिलासा हवाच होता. पण शाळा आणि अंगणवाड्यांनी रोज ठरलेले दूध घेतले, तर शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि मुलांच्या हाडांना बळ. सुरुवात आदिवासी आणि दुष्काळी तालुक्यांपासून व्हावी. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.

तोवर घरांनीही एक करावे. डेअरीला दूध घालण्याआधी मुलांच्या वाटणीचे माप बाजूला काढावे आणि रात्री त्यातल्या थोड्या दुधाला विरजण लावावे. लिटरभर दुधाची पावती कमी झाली, तरी ती घरातल्या लेकरांच्याच अंगी लागेल.