हातमोज्यांच्या आतले हात

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. शीरखुर्म्याची वाटी घेताना तिचे लाल, भेगाळलेले हात दिसले. "अम्मी म्हणते, मेंदी बाधली. पण टीचर, मी तर मेंदी लावलीच नाही. ड्यूटीवर ग्लोव्हज काढले की खाज सुटते." वॉर्डात तिने सांगितले नव्हते. नोकरी जाईल ही भीती!

पालकांनो, हा त्रास तीन तऱ्हांचा असतो. बहुतेकदा घाम, सततचा साबण आणि ओल्या हातांवर चढवलेले मोजे यांनी कातडी सोलवटते. दुसरी तऱ्हा रबर बनवतानाच्या रसायनांची ॲलर्जी. ती एकदोन दिवसांनी उमटते. तिसरी रबराच्या चिकातील प्रथिनांची. तिच्यात लगेच गांधी उठतात, शिंका येतात. दम लागला तर जिवावरही बेतते. चिकाची ॲलर्जी असल्यास नायट्राइलचे मोजे चालतात. पण रसायने त्यांतही असतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी हवीच.

१८८९-९० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हॉलस्टेड यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले, ते जंतुनाशकाने सोललेले एका परिचारिकेचे हात वाचवण्यासाठीच!

तेव्हा मुलींनो, लाजू नका. हात पूर्ण कोरडे करून मोजे घाला, ड्यूटीनंतर मलम लावा आणि त्रास वरिष्ठांना लेखी कळवा. आमच्या विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही तिच्यासोबत बसूनच लिहिला.