स्मरणिका आणि कादंबरी

कादंबरीकाराने आपल्या समाजाची सेवा कशी करावी, ह्याविषयी आपल्याकडे एक समजूत फार घट्ट रुजलेली आहे. त्याने समाजाचे गुण चारचौघांत मांडावेत आणि दोष असतीलच, तर ते उंबरठ्याच्या आत ठेवावेत, अशी ती समजूत. ती सद्भावनेतून आलेली आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु ती साहित्याला मारक आहे, आणि ज्या श्रद्धेच्या नावाने ती पुढे केली जाते त्या श्रद्धेलाही ती धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडण्यास निमित्त असे की, सांप्रत आमच्या हातून एक कादंबरी लिहिली जात आहे. तिची पहिली सात प्रकरणे काही स्नेह्यांनी वाचली आणि मनमोकळेपणाने आक्षेप सांगितले. आक्षेप आमच्या एकट्याच्या लेखनापुरते असते, तर त्यांचे उत्तर आम्ही त्या स्नेह्यांच्या ओसरीवर बसूनच दिले असते. पण उद्या जो कोणी ख्रिस्ती मराठी लेखक आपल्या माणसांविषयी खरे लिहू पाहील, त्याच्या वाटेत हेच आक्षेप उभे राहणार आहेत. म्हणून ते जाहीरपणे तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. स्थळ वसईचा पश्चिम पट्टा. काळ 1988 ते 1996. केळीच्या बागा, पानवेली, फुलभाजी, वाडीच्या कडेला गोड्या पाण्याचे बावखल, आणि पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या टोपल्या, असे ते जग. ह्याच काळात, 1990 साली, वसई-विरारच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. जमिनींना सोन्याचे मोल आले. हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला आणि धर्मगुरू व प्रापंचिक खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले. तो इतिहास आपणां सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यात आम्ही कोणाच्या मागे नाही.

कादंबरीतील इनास हा साठीला आलेला शेतकरी. त्याचा बाप मृत्युपत्र न करता वारला. आई त्याआधीच गेलेली. मागे तीन भावंडे: इनास, मुंबईत नोकरी करणारा धाकटा पास्कू, आणि शेजारच्या गावात दिलेली, आता विधवा झालेली बहीण नातालीन. वाडीला गिऱ्हाईक आले आहे. सातबारा निर्वेध हवा, म्हणून नातालीनला निरोप जातो, ‘एक सही करून जा.’ ती सही हक्कसोडपत्रावर आहे. त्या दस्तात इतर अशाच दस्तांप्रमाणे लिहिलेले आहे की, लिहून देणारीने आपला हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडला आहे. ‘राजीखुशीने’ ह्या एका शब्दाचा शोध म्हणजे आमची कादंबरी.

पहिला आक्षेप इनासविषयी. तो रोज संध्याकाळी कुटुंबाला घेऊन रोझरीची प्रार्थना करतो, रविवारची मिस्सा चुकवत नाही, मजुरांची मजुरी बुडवत नाही, उन्हाळ्यात आपली विहीर साऱ्या आळीला मोकळी ठेवतो. ‘असा भाविक माणूस बहिणीचा वाटा गिळील काय? एक तर त्याची भक्ती काढा, नाहीतर त्याचे पाप काढा,’ असे आम्हांला सुचवण्यात आले. आमचे उत्तर असे की, ही दोन्ही एकाच माणसात आहेत म्हणूनच तो कादंबरीचा विषय होतो. ढोंगी माणूस रंगवणे सोपे; वाचक त्याला पहिल्या पानावर ओळखतो आणि स्वतःपासून दूर सारतो. इनास ढोंगी नाही. तो पापनिवेदनाला गुडघे टेकतो तेव्हा राग, शिवी, चुकलेला उपवास, शेजाऱ्याशी झालेले बांधावरचे भांडण, सारे आठवून आठवून सांगतो. बहिणीचा वाटा त्या यादीत येत नाही, कारण ते पाप आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेलेच नाही. ‘तिच्या लग्नात सोने घातले, सणावाराला भाकरी-केळी पोहोचवली, आणखी काय?’ असा त्याचा निर्मळ प्रश्न आहे. त्या निर्मळपणाची आम्हांला भीती वाटते, आणि ती वाचकालाही वाटावी अशी आमची खटपट आहे.

कायद्याचा दाखला येथे देणे भाग आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 चा आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर मुलगा आणि मुलगी ह्यांत तो कायदा भेद करीत नाही. दोघांचा वाटा सारखा. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देशभर मिळायला 2005 साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्या मुलींच्या बाजूने कायदा कितीतरी आधीपासून उभा होता. तो कागदावर राहिला असेल, तर तो कोणत्या बिल्डरने अडवला? तो आपल्याच माजघरात अडला.

ह्यातूनच दुसरा आक्षेप निघतो. ‘तुमच्या कादंबरीत खलपुरुष कोठे आहे? बिल्डरला दोनच पाने आणि भावंडांच्या भांडणाला दोनशे?’ होय, प्रमाण हेच आहे आणि ते विचारपूर्वक ठेवलेले आहे. जमिनीच्या व्यवहारात दांडगाई झाली, दहशत झाली, कागदांची उलथापालथ झाली, हे खरे आहे. त्यावर वर्तमानपत्रांनी लिहिले, मोर्चे निघाले, पुढेही लिहिले जावे. परंतु विकणाऱ्याच्या सहीशिवाय जमीन विकली जात नाही. बाहेरच्या दुष्टाच्या माथी सारे मारले की घरातले सगळे निष्पाप ठरतात, आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. असे समाधान देणारे पुस्तक लिहिण्याची आमची इच्छा नाही. शिवाय नातालीनच्या दृष्टीने पाहा. वाडी राहिली काय आणि इमारत झाली काय, ती दोन्हींत नाही. हिरवी वसई वाचवण्याच्या सभेत तिचा भाऊ पहिल्या रांगेत बसला, तरी त्या हिरवाईत तिचा एक वाफाही नव्हता.

तिसरा आक्षेप धर्मगुरूंच्या पात्रावर आहे, आणि तो सर्वांत हळव्या आवाजात घेतला गेला. आमच्या कादंबरीतील फादर हे सज्जन गृहस्थ आहेत. मध्यरात्री अत्यवस्थ माणसाला परमप्रसाद देण्यासाठी पावसातून चालत जातात. शाळेच्या छपरासाठी स्वतःची पदरमोड करतात. नातालीन त्यांच्याकडे जाते तेव्हा ते म्हणतात, ‘बाई, कोर्टकज्ज्याने घर फुटते. शांतता राखा.’ एवढेच. हे पात्र कोणा एका व्यक्तीचे चित्र नव्हे, हे सांगायला नकोच. ते लोभी नाहीत, भित्रेही नाहीत. त्यांना कुटुंबाची एकी मनापासून हवी आहे. त्या एकीची किंमत दरवेळी एकाच व्यक्तीने का मोजावी, हा प्रश्न त्यांना सुचत नाही इतकेच. ‘धर्मगुरूंना तरी सोडा,’ असे एक स्नेही म्हणाले. आम्ही म्हणतो, त्यांना सोडले तर आम्ही त्यांचा अपमानच करू. ज्याच्या मौनाला काही अर्थ नाही असा माणूस, असाच त्याचा अर्थ होईल. धर्मगुरूंच्या शब्दाला धर्मग्रामात वजन आहे म्हणूनच त्यांच्या मौनालाही वजन आहे.

चौथा आक्षेप मात्र आम्ही हलक्या हाताने बाजूला सारू शकत नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडे कमी. इतक्या लहान समाजाविषयी मराठी वाचकाला ठाऊक असते ते चित्रपटातल्या दारुड्या फर्नांडिसवरून आणि मोडके मराठी बोलणाऱ्या घरमालकिणीवरून. ‘त्यात तुम्ही आणखी हे हत्यार लोकांच्या हाती देणार काय?’ असा तो आक्षेप आहे. ह्यातील वेदना आम्हांला समजते, कारण ती आमचीही आहे. पण दारुड्या फर्नांडिसला उत्तर म्हणून देवदूत इनास उभा केला, तर दोन्ही बाहुलीच ठरतील. एक हसवणारी, दुसरी आरतीची. बाहुलीला बहीण नसते, कर्ज नसते, रात्री झोपमोड होत नाही. मराठी वाचकाने आपल्याला माणूस म्हणून ओळखावे असे वाटत असेल, तर माणूसच त्याच्यापुढे नेला पाहिजे. आणि माणूस म्हटला की त्याच्या हातून घडलेले त्याच्याबरोबर येणारच.

जपानमध्येही ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपासच आहेत. तेथील कॅथलिक लेखक शुसाकू एन्दो ह्यांनी 1966 साली ‘मौन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. छळाच्या काळात श्रद्धा नाकारणाऱ्या धर्मगुरूची ती कथा. हुतात्म्यांच्या स्मृती जपणाऱ्या नागासाकीच्या अनेक कॅथलिकांना ती रुचली नाही, आणि त्यांचे दुःख आपण समजू शकतो. पण त्याच नागासाकीच्या परिसरात, सोतोमे येथे, आज एन्दो ह्यांच्या साहित्याचे संग्रहालय उभे आहे. लहान समाजाची अप्रतिष्ठा त्या पुस्तकाने झाली नाही. जगाने त्या समाजाचे नाव त्या पुस्तकामुळे ऐकले.

आणि पवित्र शास्त्राकडे तरी आपण कसे पाहतो? मत्तयाने प्रभूची वंशावळ दिली, तेव्हा तामार, राहाब आणि उरीयाची बायको ह्यांना गाळणे त्याला किती सोपे होते. त्याने गाळले नाही. दाविदाने दुसऱ्याची पत्नी घेतली आणि तिच्या नवऱ्याला मरणाच्या तोंडी दिले, हे त्याच्याच लोकांनी लिहून ठेवले. पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारले, ही गोष्ट पेत्र ज्या मंडळीचा आधारस्तंभ, त्याच मंडळीने चारही शुभवर्तमानांत जपली. आपल्या स्मरणिकांच्या संपादकमंडळाकडे हे मजकूर गेले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

स्मरणिकेला आमचा विरोध नाही. रौप्यमहोत्सवाच्या, शताब्दीच्या स्मरणिका आमच्याही कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. संदेश, छायाचित्रे, देणगीदारांची नावे, ह्या साऱ्यांना तेथे स्थान आहे. स्मरणिकेचे काम आभार मानणे. कादंबरीचे काम विचारपूस करणे. कादंबरीकडून आभाराची अपेक्षा ठेवली, की आपली कादंबरी जन्मण्याआधीच स्मरणिका होते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2024 साली एक पत्र खास साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी लिहिले. धर्मगुरूंच्या आणि सर्वच ख्रिस्ती जनांच्या घडणीत कथा-कादंबऱ्या व काव्य ह्यांचे वाचन मोलाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कथा-कादंबऱ्या म्हणताना त्यांना निर्दोष माणसांच्या कथा अभिप्रेत असतील असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या परंपरेतीलच एक गोष्ट स्मरते. बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश होतो, आणि ती एका ख्रिस्ती लेखकाची आहे. विधवांच्या दुःखाला तिने वाचा फोडली. ते धैर्य मोठे होते. परंतु ज्या समाजातून लेखक बाहेर पडला होता, त्या समाजाच्या रूढींवर तिची नजर होती. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला. दुसऱ्याच्या अंगणातील विधवेसाठी लिहून ज्यांनी मराठी कादंबरीचा पाया घातला, त्यांच्या वारसांनी आपल्या माजघरातील विधवेविषयी लिहू नये, हा कोठला न्याय?

भाषेविषयीही एक शब्द. नातालीन आणि इनास आपसांत कादोडीत बोलतात. ते ‘शुद्ध’ करावे अशी सूचना आली. इनासचे लहानपण लॅटिन मिस्सेत गेले; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो मराठीत प्रार्थना करू लागला; घरी कादोडी; आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्तऐवजाची मराठी. ह्यांपैकी त्याच्या बहिणीला पूर्ण कळणारी भाषा एकच, आणि नेमकी त्याच भाषेत तिला कोणी तिचा हक्क समजावून सांगितला नाही. तिचे बोलणे शुद्ध केले तर ही गोष्ट सांगायची कशी?

राहिला शेवट. नातालीनने सही नाकारावी, किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत इनासला पश्चात्ताप व्हावा, असे दोन शेवट सुचवण्यात आले. दोन्ही गोड आहेत. आमची नातालीन सही करणार आहे. माहेरचा दरवाजा बंद होऊ नये म्हणून ती सही करील, चहा घेईल, आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाईल. पश्चात्ताप व्हायचाच असेल, तर तो पुस्तकाबाहेर व्हावा.

ज्यांना हे प्रकरण अजूनही गाळावेसे वाटते, त्यांना आमची एक नम्र विनंती आहे. त्यांनी आधी आपल्या बहिणींना विचारावे. बहिणींनी गाळा म्हटले, तर आम्ही गाळू.