पंपावर दिनारच दाबा!

गेल्या महिन्यात नाशिकहून माझे मामा बहरीनला आले होते. त्यांनी भाड्याने गाडी घेतली आणि मी शेजारी बसले. पहिल्याच दिवशी आम्ही जबल दुखानला गेलो. तिथे १९३२ मध्ये तेल सापडलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर पहिल्यांदाच. मामा म्हणाले, "मग इथे पेट्रोल फुकटच द्यायला हवं!" फुकट नाही हो, पण भारतापेक्षा स्वस्त आहे.

परत येताना पंपावर थांबलो. इथे ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलला 'जय्यिद' म्हणतात आणि ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलला 'मुमताज'. आम्ही मुमताज भरलं. मामांनी भारतातलं क्रेडिट कार्ड दिलं. मशीनने विचारलं : रुपये की दिनार?

"रुपये दाबतो. किती गेले ते लगेच कळेल," मामा म्हणाले.

मी जवळजवळ ओरडलेच. "मामा, थांबा! दिनार दाबा."

सगळीच मशीन असं विचारत नाहीत. पण विचारलं, तर माझं मत पक्कं आहे : ज्या देशात आहात, तिथलंच चलन निवडा. रुपये दाबले की मशीनवाले आपला भाव लावतात आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. दिनार दाबले तरी तुमची बँक शुल्क घेतेच. बऱ्याच भारतीय कार्डांवर ते २ ते ३.५ टक्के असतं. तरीही सहसा तेच बरं पडतं.

मामांनी दिनार दाबले. मोबाईलवर मेसेज आला : ६.०००. मामांचा चेहरा उतरला. "सहा हजार?" अहो, नाही! १ दिनार म्हणजे १००० फिल्स, म्हणून टिंबानंतर तीन आकडे. एकूण सहाच दिनार. पण १ दिनार म्हणजे सुमारे २.६५ डॉलर, तेव्हा सहा म्हणजे अगदीच किरकोळही नाहीत.

आता माझी एक तक्रार, आणि ती माझ्यावरच आहे. पूर्वी मी रोख पैसे द्यायचे आणि सुटे नाणे पेट्रोल भरणाऱ्या दादांना द्यायचे. कार्ड आलं आणि ते बंद झालं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. आपण एसीमध्ये बसून काच दोन बोटं खाली करतो, ते मात्र उन्हात उभे असतात.

मामा म्हणाले, "त्यांना पगार मिळतो ना?" मिळतो. तरी मला ते पटत नाही. कार्डाने पैसे द्या, हिशेब सोपा होतो. पण गाडीत १०० फिल्सची चार नाणी ठेवा.

मामांनी खिसे चाचपले. त्यांच्याकडे फक्त दहा रुपयांचं नाणं होतं. शेवटी मीच माझी पर्स उघडली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही समुद्रावरच्या पुलावरून सौदीला जाणार होतो. मामांनी आदल्या रात्रीच विचारलं, "तिकडे रियाल दाबायचं ना गं?"