पहिली ऑर्डर ॲपवर, दुसरी थेट!

शनिवार पेठेत ओंकारेश्वरापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत जायला दहा-बारा मिनिटं लागतात. एवढ्याशा टापूत खानावळी आहेत, मिसळवाले आहेत, पोळी-भाजीवाले आहेत. तरीही चार गल्ल्या पलीकडची थाळी आपण ॲपवरूनच मागवतो. सोपं पडतं, मान्य. पण त्या थाळीचे पैसे नक्की जातात कुठे?

समजा, बिल 200 रुपये आणि ॲपचं कमिशन 25 टक्के. म्हणजे 50 रुपये गेले. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, आणखी 9 रुपये. हॉटेलवाल्याच्या हातात उरले 141. त्यातच किराणा, गॅस, आचाऱ्याचा पगार, जागेचं भाडं आणि पार्सलचे डबे. वर भरघोस सवलतीचं आमिष असेल, तर त्यातलाही वाटा बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातो.

हे रडगाणं फक्त पेठेतलं नाही. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला. भरमसाट कमिशनबरोबर आणखी एक मुद्दा त्या तक्रारीत होता: ग्राहकाची माहिती हॉटेलला मिळतच नाही. मला हा मुद्दा जास्त मोठा वाटतो. तुम्ही महिन्यात वीस वेळा एकाच ठिकाणचं जेवलात, तरी मालकाला तुमचा नंबर माहीत नसतो. उद्या ॲपने त्याचं हॉटेल यादीत खाली ढकललं, तर त्याचं गिऱ्हाईकही गेलं.

म्हणून ॲप बंद करा, असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये बाहेरगावहून आलेल्या मुलाला पेठेतली कुठली खानावळ माहीत असणार? तो आधी ॲपच उघडणार. धो धो पाऊस असेल, लांबून मागवायचं असेल, तेव्हाही ॲपच कामाला येतं. छोट्या मालकाने पगारी डिलिव्हरी बॉय ठेवणं तर अवघडच. माझं म्हणणं एवढंच, की ॲप म्हणजे रस्त्यावरची पाटी समजावी. पाटी बघून नवा माणूस येतो. रोजच्या माणसासाठी दर वेळी पाटीचं भाडं कशाला भरायचं?

दुसरी ऑर्डर थेट यावी यासाठी मोठा खर्चही लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि त्यात फोटो-किमतींसह मेन्यू टाकता येतो. पैसे यूपीआयवर. ॲपचा करार नीट वाचून, चालत असेल तर पार्सलमध्ये नंबराची चिठ्ठी टाकावी; नाहीतर गल्ल्यावर क्यूआर कोड लावावा. ‘मेसेज करा, वीस मिनिटांत घेऊन जा’ एवढी सोय पेठेत पुरेशी आहे. वाचलेल्या 59 रुपयांतले 10-15 ग्राहकाला सोडले, तरी दोघांचाही फायदाच.

मेसवाल्यांना तर हे गणित आधीपासून येतं. ‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या आधीपासून इथे महिन्याची कुपनं चालतात. फक्त त्याला व्हॉट्सॲप ग्रुपची जोड द्यायची. दुपारी चारला पोल टाकायचा, ‘रात्री डबा कुणाला?’ किती पोळ्या लाटायच्या ते आधीच कळलं, तर अन्न वाया जाणार नाही.

उरला प्रश्न आपला. अभ्यासिकेतून उठून पाच मिनिटं चालायची तयारी आहे का? परीक्षेच्या दिवसांत रात्री दहालाही गरम आमटी-भात देणारी खानावळ आपल्याला हवी असते. ती पुढच्या वर्षीही तिथेच असावी असं वाटत असेल, तर आवडलेल्या थाळीनंतर मालकाकडून नंबर मागून घ्या आणि पुढची ऑर्डर त्यावर करा.