श्वासावरून रोग कळेल काय?

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या रुग्णालयात, आमचे जाणे-येणे असते ते कागदपत्रांपायी. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, महात्मा फुले योजनेचा अर्ज. आमची कारकुनी गावाकडून आलेल्या माणसांच्या तेवढी उपयोगी पडते. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक कर्करोगाइतकेच तापाला भितात.

भीती खरी आहे. केमोने रोगी पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतात. मग अ‍ॅस्परजिलस नावाची साधी बुरशी, जी ओल्या भिंतीवर, धान्याच्या पोत्यात, बांधकामाच्या धुळीत असते आणि तुम्हा-आम्हाला सहसा काही करीत नाही, ती थेट फुप्फुसात घर करते. लढणाऱ्या पेशीच नसल्याने कफ होत नाही, एक्स-रेही पुष्कळदा साफ येतो. नळी घालून नमुना घ्यावा तर प्लेटलेट कमी, रक्तस्रावाचा धोका. सीटी स्कॅन, रक्ततपासणी होते. तरी कित्येकदा डॉक्टरांना अंदाजाने औषध सुरू करावे लागते. ही औषधे महाग, शिवाय मूत्रपिंडाला किंवा यकृताला जड.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१४ साली यावर एक वाट दाखविली. ही बुरशी वाढताना काही वायू सोडते. लवंग-मिरीला वास देणाऱ्या द्रव्यांच्याच गोतातले ते. रुग्णाने नुसता श्वास सोडायचा आणि तो यंत्रात तपासायचा. सुई नाही, नळी नाही. संशयित ६४ रुग्णांपैकी ३४ जणांना ही बुरशी होती. त्यांतील ३२ जण श्वासावरून ओळखले गेले. बाकीच्या ३० पैकी दोघांवर उगाच ठपका आला. ६४ हा आकडा लहान, आम्ही बी.कॉम.वाले, एवढ्यावर ताळेबंद मांडणार नाही. पण वाट चांगली आहे.

ही तपासणी आपल्याकडे अजून नित्याची झालेली नाही. तोवर ताप हीच धोक्याची घंटा, आणि ती आपलीच माणसे बंद करतात! आमच्या ओळखीच्या एका मावशींनी केमो चालू असलेल्या मुलाला रात्री ताप आल्यावर क्रोसिन दिली, "सकाळी बघू" म्हणाल्या. ताप उतरला, आतला जंतू वाढतच गेला. पुढे तीन आठवडे मुलगा अतिदक्षता विभागात होता. तो वाचला.

आता मावशींच्या उशाशी थर्मामीटर, केमोची फाइल आणि रिक्षाचे पैसे असतात. १००.४ दिसले की वेळ कितीही असो, त्या निघतात.