दारूखान्याचा हिशेब

संरक्षणखात्याच्या खर्चाचा हिशेब मागणे म्हणजे देशभक्तीत उणे असणे, अशी समजूत आपल्याकडे जाणीवपूर्वक जोपासली गेली आहे. गावोगावची मुले सैन्यात धाडणाऱ्या कोल्हापूरने तरी ती मानू नये. करवीरच्या गादीवरील दुसऱ्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र सिद्ध केले. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि कोठार पुन्हा मोहोरबंद करावे, असा दंडक त्यात आहे.

तीनशे वर्षांनंतरची स्थिती पाहावी. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. अपेक्षा चाळीस दिवसांची होती. आणि वापरास अयोग्य ठरलेला माल मात्र विल्हेवाटीची वाट पाहत डेपोंत जागा अडवून बसला होता.

कोठारात पडून असलेली वस्तू फुकट पडून नसते. जागा, पहारा, देखभाल आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज तिच्यावर रोज चढत असते. मुदत संपली की मूळ किंमतही बुडते. एकच सुटा भाग दोन डेपोंत दोन क्रमांकांनी नोंदला गेला, तर एकीकडे त्यावर गंज चढतो आणि दुसरीकडे त्याचीच नवी खरेदी निघते. (पुरवठादारांची याबद्दल तक्रार नसते, हे सांगणे न लगे.) हा रोग आपलाच नव्हे. अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी लष्करी साठ्यांचे व्यवस्थापन १९९० साली धोक्याच्या यादीत घातले. तो शेरा पुसला जायला २०१७ साल उजाडले.

परंतु या हिशेबात रुपयांखेरीज आणखी एक रकाना आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा डेपोत ३१ मे २०१६ रोजी सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांच्या कोठाराला आग लागली. १९ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक आग विझवायला धावलेले कर्मचारी होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथेच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील रोजंदारीवरचे मजूर होते.

म्हणून प्रत्येक खेपेची उत्पादनतारीख, तपासणी आणि मुदत सर्व डेपोंच्या एकाच संगणकीय नोंदवहीत आली पाहिजे. बाद मालाची विल्हेवाट ठरलेल्या मुदतीत झाली पाहिजे, आणि हाती असलेल्या साठ्याचा तपशील जोडल्याशिवाय नव्या खरेदीची मागणी पुढे सरकता कामा नये. गोपनीयतेचा आक्षेप येईलच. साठा शत्रूपासून अवश्य लपवावा. संसदेच्या समितीपुढे तो बंद दाराआड मांडण्यास कोणती अडचण आहे? आणि पुलगावच्या मजुराला, आपण उचलतो त्या पेटीचे वय किती, हे काम सुरू होण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे.