माद्रिदचा 'पासेओ देल प्रादो': जागतिक वारसा ठरलेला रस्ता नक्की कुणाचा, चालणाऱ्यांचा की गाड्यांचा?

स्पेनची राजधानी माद्रिदमध्ये साधारण एक किलोमीटर लांबीचा एक रस्ता आहे. न थांबता चाललं तर वीस मिनिटांच्या आत संपतो. पण या रस्त्यावर आणि त्याच्या टोकाशी तीन भव्य कारंजी, एक वनस्पती उद्यान आणि जगातली तीन नामवंत कलासंग्रहालयं आहेत.

या रस्त्याचं नाव 'पासेओ देल प्रादो'. स्पॅनिश भाषेत पासेओ म्हणजे फेरफटका आणि प्रादो म्हणजे कुरण.

२५ जुलै २०२१ रोजी युनेस्कोने हा रस्ता आणि शेजारचं रेतिरो उद्यान यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराचा समावेशही त्याच दिवशी झाला. मंदिराचं समजू शकतं, पण रस्त्याला हा मान कशासाठी?

या रस्त्यात एवढं विशेष काय?

१६व्या शतकात इथे झाडांच्या रांगा लावण्यात आल्या, त्या लोकांना सावलीत फिरता यावं म्हणून. स्पेनमध्ये आणि पुढे लॅटिन अमेरिकेतही अशा सार्वजनिक फिरण्याच्या वाटा तयार झाल्या, त्यांचा हा सुरुवातीचा नमुना मानला जातो.

१८व्या शतकात राजा तिसरा कार्लोस याने या वाटेला आजचं रूप दिलं. सिंहांच्या रथात बसलेली सिबेलेस देवी, अपोलो आणि समुद्रदेव नेपच्यून यांची कारंजी त्या काळातली. १७८१ मध्ये वनस्पती उद्यान इथे आलं. शेजारी विज्ञानासाठी एक मोठी इमारत उभी राहू लागली. त्याच इमारतीत १८१९ मध्ये राजघराण्याचा चित्रसंग्रह लोकांसाठी खुला झाला. तेच आजचं प्रादो संग्रहालय.

रेतिरो उद्यानही मुळात राजाचं. १८६८च्या क्रांतीनंतर ते शहराच्या मालकीचं झालं. थोडक्यात, राजाच्या मालकीच्या गोष्टी हळूहळू नागरिकांच्या कशा झाल्या, याचा इतिहास या एका रस्त्यावर चालता चालता दिसतो.

मग वाद कशाचा?

२०व्या शतकात फिरण्याच्या या वाटेवर गाड्यांची वर्दळ वाढली. कारंजी चौकांच्या मधोमध अडकली आणि वाहतुकीची वर्तुळं बनली.

यावर उपाय म्हणून वाहतूक प्रादो संग्रहालयापासून दूर, समोरच्या बाजूला सरकवण्याची योजना आली. पण त्या बाजूला थिसेन संग्रहालय आणि जुनी झाडं होती. कलासंग्राहक कार्मेन थिसेन यांनी विरोधाचं नेतृत्व केलं. २००७ मध्ये तर त्यांनी स्वतःला झाडाशी बांधून घेतलं. योजना ठरल्याप्रमाणे पुढे गेली नाही.

इथला पेच लक्षात घेण्यासारखा आहे. एका बाजूच्या पादचाऱ्यांची सोय करताना दुसऱ्या बाजूची सावली जाणार होती. गाड्या कमी न करता त्यांची फक्त जागा बदलली, तर प्रश्नही फक्त जागा बदलतो.

वारशाच्या दर्जाने काय बदलतं?

या दर्जामुळे कारंजी, इमारती आणि बागा जपण्याची जबाबदारी सरकारवर येते. रस्त्यावर किती गाड्या धावाव्यात, हे मात्र शहरालाच ठरवावं लागतं. माद्रिदमध्ये रविवारी काही तास या रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. तेवढ्या वेळात लहान मुलं सायकली घेऊन येतात, वयस्कर मंडळी रस्त्याच्या मधून निवांत चालतात.

मुंबईत ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये हाच दर्जा मिळाला. त्या इमारती नीट पाहायच्या तर फुटपाथवर थांबून मान वर करावी लागते. त्यासाठी फुटपाथ मोकळा हवा आणि डोक्यावर सावली हवी.

प्रादो संग्रहालयात संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो. बाहेरच्या रस्त्याला तर कधीच तिकीट नव्हतं. तिथे सुखाने चालता येणं, हाच त्या वारशाचा मूळ हेतू होता.